शाळा संपली, आता कुठला कोर्स?

‘मला हाताने काम करायला आवडतं, म्हणजे व्यावसायिक कोर्सच ना?’ असं विचारलंस. थांब जरा. इलेक्ट्रिशियनला ओहमचा नियम लागतो, सुताराला कोन आणि मापं. गणित टाळायला म्हणून तिकडे जाणार असशील तर फसशील. उलट, मित्र चाललेत म्हणून पदवीच्या वाटेला लागणारेही ढिगाने पाहिलेत. त्यातला एक मीच.

प्रवेशाआधी एक गोष्ट खोदून विचार: या प्रमाणपत्रावर पुढे पदवीला जाता येतं का, आणि कोणत्या वर्षाला? काही ठिकाणी डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षात घेतात, काही ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस, नियम लेखी बघ. मग वर्कशॉपमध्ये डोकावून ये. यंत्रं चालू आहेत की धूळ खातायत, हे पाच मिनिटांत कळतं. जर्मनीतल्या दुहेरी पद्धतीत मुलं साधारण 3-4 दिवस कंपनीत शिकतात, उरलेले शाळेत, आणि वर भत्ताही मिळतो. तेवढं सगळीकडे नसतं, पण प्रत्यक्ष कामाचे तास अगदीच नसतील तर तो कोर्स नावालाच व्यावसायिक.

डॉक्टर किंवा वकील व्हायचं पक्कं असेल तर प्रश्नच मिटला, पदवीच. नसेल तर सुट्टीत दोन आठवडे कुणाच्या तरी हाताखाली काम करून बघ. पाय दुखूनही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर मला कळव.