सॉफ्टवेअर घेतलं, पण वही काही सुटंना

प्रश्न: सांगली मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे, वडिलांपासूनचं. मागच्या दिवाळीत सॉफ्टवेअर घेतलं, पोरांना ट्रेनिंग पण दिलं. तरी दिवाणजी सगळं आधी वहीत लिहितात, संध्याकाळी एक पोरगं तेच परत कॉम्प्युटरवर चढवतं आणि मधल्या वेळात भाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतात. तीन ठिकाणी तीन आकडे. ई-वे बिल (मालाच्या गाडीबरोबर लागणारा सरकारी ऑनलाइन कागद) तेवढं बरोबर वेळेत काढतात! माणसं बदलायलाच तयार नाहीत, काय करावं?
– एक अडत्या, सांगली

उत्तर: अहो, ई-वे बिलाचं लिहिलंत तिथंच सगळं आलं की. 2018 पासून परराज्यात 50 हजारांच्या वरचा माल पाठवायचा तर ते लागतंच, नसलं तर गाडी वाटेत अडकते, म्हणून हेच दिवाणजी आणि हीच पोरं ते गुपचूप शिकली. म्हणजे माणसं बदलतात. तुमच्या सॉफ्टवेअरवाचून मात्र दुकानात कुणाचं काहीच अडत नाही. आणि राग मानू नका, पण शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) किती झाली हे तुम्ही स्वतः कुठं बघता? फोन लावून दिवाणजींनाच विचारत असाल तर ते वही सोडतील कशाला, मालकालाच वही लागतीय.

सगळं एकदम करायला जाऊ नका. फक्त शेतकऱ्याची हिशोबपट्टी धरा. वजन, भाव, हमाली-तोलाई जाऊन हातात किती, हे कॉम्प्युटरवरनंच छापून द्यायचं, हातानं लिहिलेली पट्टी बंद म्हणजे बंद. सौद्यात, म्हणजे लिलावात, वही राहू दे, ढिगापाशी कीबोर्ड घेऊन कोण उभं राहणार? पण तिथं फक्त भाव टिपायचा, हिशोब मांडायचा नाही.

त्याआधी दिवाणजींना शेजारी बसवून मालाची नावं भरून घ्या. राजापुरी, सेलम, हळकुंड, गठ्ठा, कणी, ते म्हणतात तशीच (सॉफ्टवेअरवाले स्वतःच्या मनानं काहीतरी कोड टाकून जातात आणि मग त्या यादीत माल शोधायला दहा मिनिटं, कोण शोधतंय).

आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असेल तर तो आजच बदला, प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून हिशोबात कधी काय बदललं याची नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. तुमचं दुकान कंपनी नसेल तर तो नियम तुम्हाला नाही, पण सोय चांगली आहे. फक्त ती नोंद काढून पोरांवर ओरडत बसू नका, नाहीतर चुका परत वहीत लपायला लागतील.

नव्या हळदीची आवक वाढली की कुणाला डोकं वर काढायला होत नाही, त्याच्या आधीच सुरू करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भावापुरता चालू दे, पण त्यावरचा आकडा बघून पेमेंट सोडायचं नाही, आणि हे आधी तुम्ही पाळायचं.