‘व्यक्तिनिष्ठ’ औषध कोण घेईल?

प्रश्न असा आला आहे : “अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. ‘ॲकॅडेमिक मेडिकल सेंटरमधल्या संशोधनामुळे पर्सनलाइज्ड हेल्थ केअरला गती मिळते’ असं वाक्य आहे. मी ‘व्यक्तिनिष्ठ आरोग्यसेवा’ लिहिलं, संपादकांनी ‘वैयक्तिक आरोग्यसेवा’ केलं. बरोबर काय?”

माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत.

‘व्यक्तिनिष्ठ’ची जोडी ‘वस्तुनिष्ठ’शी कायमची लागलेली आहे. व्यक्तिनिष्ठ मत म्हणजे ज्याच्या-त्याच्या आवडीनिवडीवर बेतलेलं मत. व्यक्तिनिष्ठ उपचार म्हटलं की डॉक्टरांच्या मनाला येईल ते औषध, असंच वाटणार. इथे तर रक्तातली जनुकं तपासून, ज्याला जे चालेल ते औषध ठरवायचंय! ‘वैयक्तिक आरोग्य’ हा शब्द शाळेच्या पुस्तकांनी कधीच अडवून ठेवलाय : नखं कापा, दात घासा, जेवणाआधी हात धुवा. ‘व्यक्त्यनुरूप’ संधीच्या दृष्टीने निर्दोष (‘व्यक्तिनुरूप’ मात्र चूक), पण मोठ्याने वाचून बघा, जिभेला गाठ बसते.

त्यापेक्षा आपण घरी काय बोलतो ते पाहू. ‘औषध लागू पडलं नाही’ आणि ‘औषध मानवलं नाही’. या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. पहिलीत गुण आला नाही. दुसरीत गुण राहिला बाजूला, अपायच झाला. गंमत म्हणजे औषधं आणि जनुकं यांच्या नात्यावरचं बरंचसं संशोधन याच दोन क्रियापदांभोवती फिरतं.

लागू न पडण्याचं उदाहरण क्लोपिडोग्रेलचं. स्टेंट टाकल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी देतात. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतातली विकरं (एन्झाइम), त्यातही सीवायपी२सी१९ नावाचं, तिला कामाचं रूप देतात. ज्यांच्यात हे विकर जन्मतःच दुबळं, त्यांनी गोळी नेमाने घेतली तरी तिचा पुरेसा उपयोग होत नाही. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाने २०१० मध्ये ‘प्रेडिक्ट’ कार्यक्रम याच गोळीपासून सुरू केला. जनुकतपासणी आधीच करून निकाल रुग्णाच्या संगणकातल्या नोंदीत ठेवायचा, म्हणजे डॉक्टर क्लोपिडोग्रेल लिहायला गेले की पडद्यावर सूचना येते. नेहमीच्या तपासण्यांसाठी काढलेल्या रक्तातलं उरलेलं, एरवी फेकून दिलं जाणारं रक्त नावं काढून संशोधनासाठी साठवायला याच विद्यापीठाने २००७ पासून सुरुवात केली होती.

न मानवण्याचं उदाहरण कार्बामाझेपिनचं. फिटांवरचं हे जुनं औषध बहुतेकांना चालतं, पण क्वचित एखाद्याची त्वचा भाजल्यासारखी सोलवटते, जिवावर बेततं. असं ज्यांना झालं त्या हान चिनी वंशाच्या रुग्णांत एचएलए-बी या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार सापडतो, हे तैवानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं.

दोन्ही उदाहरणांत औषध एकेका माणसासाठी बनवलेलं नाही, हे लक्षात घ्या. माणूस कोणत्या गटातला ते ओळखून असलेल्या औषधांतलं योग्य ते निवडलंय. ‘पर्सनलाइज्ड’ म्हटलं की लोकांना प्रत्येकासाठी वेगळं औषध बनवल्यासारखं वाटतं, म्हणून अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०११ च्या अहवालात ‘प्रिसिजन’ हा शब्द पसंत केला. तिकडेही शब्दचर्चा चालतेच! ‘प्रिसिजन’ला आपला ‘नेमके उपचार’ छान बसतो.

मग २०२५ साली फिलाडेल्फियात त्या गैरसमजाचंच खरं झालं. तिथल्या मुलांच्या रुग्णालयाने आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एका तान्ह्या बाळाच्या जनुकातली एकच चूक दुरुस्त करणारं औषध साधारण सहा महिन्यांत तयार केलं. बाळाच्या यकृताला शरीरातला अमोनिया काढता येत नव्हता. ते औषध त्या बाळापुरतंच. अशा उपचाराला मी ‘व्यक्तिविशिष्ट’ म्हणेन आणि हा शब्द अशाच प्रसंगांसाठी राखून ठेवेन. बाकी सगळीकडे साधं ‘व्यक्तीनुसार’ पुरे.

‘प्रकृतीनुसार’ का नको, असं कुणी विचारेल. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ आपल्या तोंडात आहे, आणि चरकसंहितेतही ‘पुरुषं पुरुषं वीक्ष्य’, म्हणजे माणूस-माणूस पाहून औषध योजणाराच उत्तम वैद्य, असं म्हटलंय. मोह मलाही झाला. पण उपचाराच्या संदर्भात ‘प्रकृती’ म्हटलं की मराठी वाचक वात-पित्त-कफाकडे वळतो, आणि माहितीपत्रक जनुकांबद्दल आहे.

‘सेंटर’चं ‘केंद्र’ही करू नका, डोळ्यांपुढे गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र येतं. मुंबईचं केईएम आठवा : एकाच आवारात कॉलेज, वॉर्ड आणि संशोधन. तशा संस्थेबद्दल बोलायचंय. मी वाक्य असं लिहिलं असतं : ‘वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होणाऱ्या संशोधनामुळे व्यक्तीनुसार उपचार करणं अधिकाधिक शक्य होत चाललं आहे.’ ‘गती मिळते’ मुद्दाम गाळलंय. त्याला सरकारी फायलीचा वास येतो.