घर एडिसनला, नोकरी मॅनहॅटनला, कर कोणाला?

तुम्ही राहता न्यू जर्सीत, एडिसनला. कंपनी मॅनहॅटनमधली आणि आठवड्यातले तीन दिवस काम घरून. न्यूयॉर्कच्या रिटर्नमध्ये तुम्ही हे घरचे दिवस वजा केलेत आणि आता त्या पगारावरही कर मागणारं पत्र न्यूयॉर्कच्या करखात्याने पाठवलंय. 'ज्या दिवशी मी नदी ओलांडलीच नाही, त्या दिवसाचा कर त्यांना का?' असं तुम्ही विचारता. राग रास्त आहे, पण न्यूयॉर्कचा नियम तुमच्या बाजूचा नाही, हे आधीच सांगते.

तिथे पाहतात ते एवढंच, की घरून काम करणं ही सोय कोणाची? कंपनीची खरोखरची गरज असेल तर तो दिवस बाहेरचा. तुमच्या सोयीसाठी असेल, तर तुम्ही एडिसनच्या स्वयंपाकघरात बसलेले असलात तरी तो दिवस न्यूयॉर्कचाच. ऑफिसात तुमचं टेबल असताना गरज सिद्ध करणं फार कठीण. कनेटिकटमध्ये राहून मॅनहॅटनमध्ये कायदा शिकवणारे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की याच मुद्द्यावर भांडले आणि २००३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात हरले.

तरीही तुम्ही ठेवलेलं कॅलेंडर जपून ठेवा. त्यात 'घ' म्हणजे घरून काम असं लिहिलेले दिवस हातचे जातील, पण कंपनीने ग्राहकाकडे शिकागोला पाठवलं ते अकरा दिवस खरोखर न्यूयॉर्कबाहेरचे आहेत. विमानाची तिकिटं, हॉटेलची बिलं आणि मॅनेजरची ईमेल जोडून ते दिवस मागा. ते सोडू नका.

पत्र नुसती विचारणा करणारं आहे की 'नोटिस ऑफ डेफिशियन्सी', म्हणजे कर कमी भरल्याची औपचारिक नोटीस, हे आजच बघा. दुसरं असेल तर त्यावरच्या तारखेपासून ९० दिवसांत हरकत घ्यावी लागते.

आता न्यू जर्सीकडे वळू. त्या घरच्या दिवसांचा कर तुम्ही इथेही भरलाय, म्हणजे सध्या दुहेरी बोजा आहे. न्यूयॉर्कचा हिशेब पक्का झाला की एनजे-१०४०-एक्स हा सुधारित रिटर्नचा फॉर्म भरून न्यूयॉर्कला गेलेल्या करापोटी वाढीव क्रेडिट, म्हणजे इथल्या करात वजावट, मागा. मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. मात्र क्रेडिट त्या उत्पन्नावर न्यू जर्सीत जेवढा कर बसला असता, तेवढंच मिळतं. समजा न्यूयॉर्कला सात हजार डॉलर गेले आणि इथला कर पाच हजार होत असेल, तर वरचे दोन हजार तुमच्याच खिशातून जाणार. ते परत मिळत नाहीत.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. पुण्याच्या बँकेतल्या एनआरई ठेवीचं (परदेशातल्या कमाईतून ठेवलेल्या) व्याज भारतात करमुक्त असलं तरी न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. एनआरओ ठेवीवर (भारतातल्या उत्पन्नाच्या) कापलेल्या टीडीएसचं क्रेडिटही न्यू जर्सी देत नाही, कारण इथलं क्रेडिट अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यांच्या करापुरतंच आहे. सुधारित रिटर्न भरताय, तेव्हाच हेही नीट करून घ्या.