टोपड्याखालचं टेंगूळ

"ताई, मला एवढंच सांगा, तिच्या मेंदूला काही झालं असेल का?"

खुर्चीत बसायच्या आधीच तिनं विचारलं. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. बाळ हसरं होतं, माझ्या टेबलावरच्या पेनावर झेप घेत होतं. आईच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं. एका हातानं ती लेकीचं डोकं धरून होती, मान न सावरलेल्या तान्ह्या बाळाचं धरतात तसं.

बाळ पडलं, डोक्याला लागलं, आता पुढे काही होईल का, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक आया येतात. त्यातली ही एक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बाळाला आपण माऊ म्हणू.

झालं होतं ते असं. माऊ आठ महिन्यांची. दुपारी पलंगावर झोपलेली, कडेला दोन उशा लावलेल्या. कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या म्हणून आई गॅस बंद करायला उठली. स्वयंपाकघरात पोचते तोच धप्प आवाज आणि पाठोपाठ टाहो. माऊ फरशीवर पालथी. उचलून छातीशी घेतल्यावर पाच-सात मिनिटांत शांत झाली, दूध प्यायली. कपाळावर उजव्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ आलं.

सासूबाई भजनाला गेलेल्या, नवरा एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. आईनं टेंगळावर पावडर थापली, टोपडं भुवयांपर्यंत ओढलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

टेंगूळ एका रात्रीत बरंच बसलं. पण तिसऱ्या दिवशी उजव्या पापणीवर निळसर डाग उतरला. कपाळावर साकळलेलं रक्त असं खाली उतरतं. सासूबाईंना तो दिसला आणि घरात वादळ उठलं. "तीन दिवस लपवलंस? आई आहेस की कोण?" त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तपासलं, बारीकसारीक विचारलं आणि सीटी स्कॅनची गरज नाही म्हणाले. इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

माझ्याकडे आली तेव्हा त्याला तीन आठवडे झाले होते. ती रात्री दर तासाला उठून मोबाईलचा टॉर्च माऊच्या डोळ्यांवर मारत होती. दोन्ही डोळ्यांतल्या बाहुल्या सारख्या आहेत का बघायला; कुठेतरी वाचलं होतं. माऊला जमिनीवर ठेवणं तिनं बंदच केलं होतं. रांगायच्या वयाचं लेकरू दिवसभर कडेवर.

मी समुपदेशक, डॉक्टर नाही, हे तिला आधीच सांगितलं. मेंदूचं काय ते डॉक्टरांनी बघितलं होतं. माझं काम तिच्या मनात अजून रोज पडणाऱ्या माऊचं होतं. म्हणून तिला ती दुपार मिनिटामिनिटानं सांगायला लावली. पहिल्या तीन वेळा ती "मी उठायलाच नको होतं" इथपर्यंत येऊन थांबली. चौथ्यांदा पुढे गेली. लगेच रडली, दूध प्यायली, उलटी नाही, तासाभरानं खुळखुळा वाजवत बसली. हे सगळं तिला स्वच्छ आठवत होतं, पण घरात ते कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिला विचारलं, डॉक्टरांनी काय काय विचारलं? त्यातला एकेक प्रश्न आम्ही परत उघडून पाहिला. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या 42 हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. सीटी स्कॅन कोणाला नको, हे ठरवताना त्यातले निकष डॉक्टरांना उपयोगी पडतात. दोन वर्षांखालच्या बाळासाठी ते साधारण असे: बाळ गुंगीत किंवा नुसतं चिडचिडं आहे का, पाच सेकंद किंवा त्याहून जास्त शुद्ध हरपली का, टेंगूळ कपाळाऐवजी डोक्याच्या बाजूला, वर किंवा मागे आहे का, कवटीचं हाड मोडल्याचं हाताला लागतं का, तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडलं का. आणि आणखी एक, बाळ नेहमीसारखं वागत नाहीये असं आईवडिलांना वाटतं का.

हा शेवटचा निकष मी तिला दोनदा सांगितला. स्कॅन काढायचा की नाही, हे ठरवताना डॉक्टर आईचा शब्द मोजतात. म्हणून तो शब्द दडवला की बाळाचंच नुकसान. सीटीमध्ये किरणोत्सर्ग असतो, म्हणून "मनाच्या समाधानासाठी" तो काढत नाहीत, हेही तिला तेव्हा पटलं. तोवर तिला वाटत होतं, डॉक्टर काहीतरी लपवताहेत.

दुसऱ्या भेटीला सासूबाईंना बोलावलं. त्या फणकारतील असं मला वाटलं होतं. त्या आल्या, बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "अहो मॅडम, मी रोज तिला तेल लावून अंघोळ घालते. चष्मा काढून. त्याच कपाळावर तीन दिवस दाबून तेल चोळलं मी. पोर किंचाळायची, मला वाटायचं दात येताहेत. हिनं एक शब्द सांगितला असता तर माझा हात तिथे गेला असता का?"

सून बघतच राहिली. सासूच्या ओरडण्याखाली भीती होती आणि स्वतःच्या हाताचा पस्तावा होता, हे तिला त्या क्षणी कळलं. मी काही बोलले नाही. त्या दोघी बोलल्या.

आपल्याकडे बाळ पडलं की पहिला प्रश्न येतो, "तू कुठे होतीस?" या प्रश्नाला माझा ठाम विरोध आहे. "कसं पडलं?" जरूर विचारा, ते डॉक्टरांनाही सांगावं लागतं: किती उंचावरून, कशावर, डोक्याचा कुठला भाग आपटला, लगेच रडलं का. "तू कुठे होतीस" यातून बाळाला काहीच मिळत नाही, आणि पुढच्या वेळी टोपडं भुवयांपर्यंत ओढलं जातं. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड असतं, म्हणून ते डोक्यावरच पडतं. दक्ष आईचंही पडतं.

त्या भेटीत आम्ही तिघींनी एक कागद लिहिला. त्यातलं सांगते. उचलून शांत करायचं. गदागदा हलवायचं नाही. टेंगळावर बर्फ थेट नको, फडक्यात गुंडाळून, जमेल तितका वेळ. टेंगूळ चोळायचं नाही, तेल-हळद दाबून बसवायचं नाही. "झोपू देऊ नका" हे सासूबाईंचं ठाम मत होतं. पण झोपेची वेळ असेल आणि बाळ तोवर नीट वागत असेल तर झोपू द्यायचं, अधूनमधून चाळवून बघायचं की सहज जागं होतंय. टॉर्च नको.

आणि ही यादी लाल पेनानं: शुद्ध हरपली, आकडी आली, पुन्हापुन्हा उलट्या, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, उठवूनही न उठणं, न थांबणारं रडणं, दूध न ओढणं, टाळू फुगणं, एका बाजूचा हातपाय कमी हलणं, टेंगूळ बाजूला किंवा मागे आणि मऊ लागणं. यातलं एकही दिसलं तर वाट बघायची नाही, दवाखाना. गाडी नसेल तर 108. अगदी तान्हं बाळ असेल, किंवा जास्त उंचीवरून पडलं असेल, तर काही दिसत नसलं तरी दाखवायचं. पहिले एक-दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी लक्ष ठेवायचं, म्हणजे सगळ्यांना माहीत हवंच.

पलंगाचं उत्तर सोपं निघालं. उशांची भिंत ही भिंत नाही. कुशीवर वळणारं बाळ ती ओलांडतं, तिच्यात तोंड रुतण्याचा धोका वेगळाच. पलंग भिंतीला खेटवला तर फटीत अडकायची भीती. गादी जमिनीवर आली. आईला वॉकर घ्यायचा होता, म्हणजे पडणार नाही. मी नको म्हटलं. वॉकरमधलं बाळ क्षणात उंबरठ्यापाशी, जिन्यापाशी पोचतं. कॅनडानं 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. सासूबाईंनी माळ्यावरचा जुना पांगुळगाडा काढायचं ठरवलं. उभं राहून ढकलायचा, तोही माऊ स्वतःच्या पायांवर आल्यावर आणि कुणी जवळ असतानाच.

सगळ्यात अवघड होतं माऊला जमिनीवर सोडणं. आधी सतरंजीवर दहा मिनिटं, आई शेजारी बसून. आईचे हात मांडीवर, माऊच्या डोक्यावर नाहीत. पहिल्या दिवशी तिनं चार मिनिटांत उचललं. आठवड्यानं माऊ पोटावर सरकत दारापर्यंत गेली.

दीड महिन्यानं तिचा मेसेज आला. "ताई, माऊ टीपॉयला धरून उभी राहिली आणि पडली. 11.20 ला. डावीकडे कपाळावर. लगेच रडली. मी आईंना हाक मारली, त्यांनी नॅपकिनमध्ये बर्फ आणला. यांना फोन केला, त्यांनी पहिलं विचारलं, आता कशी आहे? 11.35 ला दूध प्यायली. आता आईंच्या मांडीवर चष्म्याशी खेळतेय."