राज्यसभेतल्या खासदाराने काय प्रश्न विचारले, विधेयकावर मत काय दिलं हे कुठं बघायचं?

प्रश्न शोधणं सोपंय बघा, संसद डॉट इनवर राज्यसभेच्या प्रश्नांमध्ये खासदाराचं नाव टाकलं की यादी येते, मंत्र्यांच्या उत्तरासकट. मी सोलापूरचा, त्यामुळं यंत्रमाग, टेक्स्टाइल असले शब्द टाकूनपण बघतो, आपल्या चादरीवाल्यांसाठी कुणी तोंड उघडलंय का ते कळतं.

मतदानाचं मात्र अवघडय, कारण बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं पास होतात आणि त्यात कोण हो म्हणालं कोण नाही याची नावानिशी नोंदच राहत नाही, हे मला खरंच खटकतं. डिव्हिजन, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं, झालं तरच नावं येतात, ती त्या दिवसाच्या कामकाजाच्या इतिवृत्तात शोधायची. आणि खासदार मंत्री असेल तर त्या काळातले प्रश्न शून्यच दिसणार, मंत्री उत्तरं देतात, विचारत नाहीत.