सायटेशनचा आकडा कसा वाचावा: एका तरुण संशोधिकेस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षीही तुझ्या नावावर दोनच शोधनिबंध आहेत आणि बरोबरच्या मित्राचा एच-इंडेक्स (तो दहा असेल, तर दहा निबंधांना इतरांनी प्रत्येकी किमान दहा संदर्भ, म्हणजे सायटेशन, दिलेली असतात) मात्र झपाट्याने वाढतो आहे, ही टोचणी मी समजू शकते. आकड्यांकडे दुर्लक्ष कर, असे मी तुला सांगणार नाही, कारण फेलोशिपच्या आणि नेमणुकीच्या समित्या ते पाहतातच. पण तो आकडा कशामुळे वाढतो आणि कशामुळे अडतो, हे तुला नीट ठाऊक असायला हवे.

त्यासाठी शिमोन साकागुची यांची वाटचाल बघ. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी (छातीतील ही ग्रंथी प्रतिकारयंत्रणेच्या टी पेशी घडवते) जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर त्याची प्रतिकारयंत्रणा त्याच्याच अवयवांवर उलटते, हे निरीक्षण जपानमध्ये आधीच झालेले होते. निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या की हा आजार टळतो, तर मग त्यांपैकी नेमक्या कोणत्या पेशी हे काम करतात, हा प्रश्न साकागुचींनी धरला आणि वर्षानुवर्षे सोडला नाही. काळ त्यांना अजिबात अनुकूल नव्हता. 1970 च्या दशकात गाजलेली ‘सप्रेसर टी पेशीं’ची, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या टी पेशींची, कल्पना 1980 च्या दशकात कोसळली, कारण तिचा आधार मानलेले आय-जे जनुक अपेक्षित जागी सापडलेच नाही, आणि त्यानंतर या विषयाचे नाव काढायलाही बहुतेक प्रयोगशाळा राजी नव्हत्या. ज्या विषयाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली आहे, त्यावरच्या निबंधांचा संदर्भ देणार तरी कोण?

1995 साली त्यांचा निबंध ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’मध्ये आला. हे नियतकालिक आमच्या क्षेत्रात मानाचे असले, तरी इम्पॅक्ट फॅक्टरच्या (नियतकालिकातील लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात, त्या आकड्याच्या) स्पर्धेत ‘नेचर’ किंवा ‘सेल’च्या जवळपासही नाही. उंदरातील सीडी-4 (पृष्ठभागावर सीडी-4 हे प्रथिन असलेल्या) टी पेशींपैकी सुमारे दहा टक्के पेशींवर सीडी-25 हे प्रथिन असते. तेवढ्या पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा थायरॉइड, जठर, अंडाशय अशा अनेक अवयवांना स्वयंप्रतिकारी (स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेमुळे होणारा) दाह झाला. वगळलेल्या पेशी वेळेत परत दिल्या, तेव्हा तो टळला. आज या निबंधाची सायटेशन हजारांत आहेत आणि त्याचे कारण मला स्पष्ट दिसते: सीडी-25 ला चिकटणारे एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) आणि पेशी एकेक करून तपासणारे फ्लो सायटोमीटर हे यंत्र असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेला त्या पेशी वेगळ्या काढून स्वतः तपासता येऊ लागल्या. शंकेलाही जागा होतीच, कारण कोणतीही टी पेशी उत्तेजित झाली की तिच्यावर सीडी-25 दिसते. ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये फॉक्सपी-3 जनुक शोधले, 2003 मध्ये त्याचा या पेशींशी संबंध सिद्ध झाला, आणि मग कर्करोग, अवयवरोपण, मधुमेह अशा सर्व बाजूंनी लोक या निबंधाकडे वळले.

आता तुझ्या मित्राच्या आकड्याबद्दल. इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी सांगतो. त्यात मोजकेच लेख भरपूर संदर्भ खेचतात आणि बाकीचे त्यांच्या आडोशाला असतात, त्यामुळे एखाद्या निबंधाची योग्यता त्यावरून ठरत नाही. 2005 मध्ये हिर्श यांनी मांडलेला एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कधी घटत नाही, आणि वीस लेखकांमधले तुझे काम कोणते, हेही सांगत नाही. रिव्ह्यू लेखांना, म्हणजे इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखांना, मूळ प्रयोगांपेक्षा सहज जास्त सायटेशन मिळतात. तेव्हा तुलना करायचीच असेल, तर त्याची यादी उघडून रिव्ह्यू किती, पहिला लेखक म्हणून किती, हे आधी पाहा. एका कामाचे चार तुकडे करून चार निबंध काढण्याच्या मोहात मात्र मुळीच पडू नकोस. असे तुकडे पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षिली जाते. कुलकर्णी, पाटील, जोशी अशी आडनावे आणि एकाच आद्याक्षराची माणसे डेटाबेसमध्ये सर्रास एकमेकांत मिसळतात. त्यात कधी वडिलांचे नाव लिहिले जाते, कधी गाळले जाते, आणि लग्नानंतर आडनाव बदलले तर बाईच्या कामाचे दोन भाग पडतात. ऑर्किडचा (ORCID, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळखीचा) सोळा अंकी क्रमांक आजच घे, प्रत्येक निबंधावर नाव एकाच पद्धतीने लिही, आणि गूगल स्कॉलरने दुसऱ्या कोणाचे लेख तुझ्या खात्यात टाकले असतील तर ते स्वतः काढून टाक.

अर्जात आकड्यांच्या खाली दोन-तीन वाक्ये जरूर लिही: तुझी पद्धत कोणी वापरली, तुझा निष्कर्ष कोणी पुन्हा तपासला, त्यातून पुढे काय निघाले. तुझ्या दोन निबंधांपैकी दुसऱ्यातील पेशी वेगळ्या करण्याची पद्धत इतरांना वापरता येण्याजोगी आहे, असे माझे ठाम मत आहे; तिची सविस्तर कृती, प्रतिपिंडांच्या क्लोन क्रमांकांसह (नेमके कोणते प्रतिपिंड वापरले, ते यावरून कळते), खुली प्रसिद्ध कर. अर्जाचा मसुदा झाला की माझ्याकडे पाठव, मी ओळ न् ओळ वाचीन.

तुझी हितचिंतक