मेन क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये पास टाकणारा मुख्य खेळाडू) जखमी झाला, आता पुढची मॅच हातची गेलीच का?

अहो इतक्यात कशाला रडताय. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या ओहायो स्टेटचं 2014 आठवा, ऑगस्टमध्येच मेन क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला, मग मिशिगनविरुद्ध त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला आणि पुढच्याच आठवड्यात विस्कॉन्सिनशी बिग टेन या त्यांच्या लीगची फायनल, सगळे म्हणाले वाजले बारा. तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स, कॉलेजमधला पहिलाच स्टार्ट, स्कोअर 59-0! पठ्ठ्याने लांब लांब पास टाकले, डेव्हिन स्मिथने 3 टचडाउन पकडले. पण खरं काम डिफेन्सचं, विस्कॉन्सिनचा बॉल घेऊन पळणारा स्टार मेल्विन गॉर्डन, त्याला 76 यार्डांत गुंडाळला. नंतर चॅम्पियनही झाले.

उलट 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट, मेन क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नसताना फ्लोरिडा आणि लुईव्हिल दोघांना हरवून 13 पैकी 13 मॅच जिंकल्या, तरी टीम निवडणाऱ्या कमिटीने प्लेऑफला (चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीला) घेतलं नाही, तो राग माझा अजून गेलेला नाही.